सायकलीवरील एकट्याचा दूरप्रवास

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ साली १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यातील बहुतेक वाट त्यांनी एकटीनेच आक्रमिली. एवढे साहस प्रत्येकास शक्य नसले, तरी त्यामागील नियम लहान प्रवासासही लागू पडतात. समूहात एकाची चूक दुसरा सावरून घेतो. एकट्या प्रवाशास सोबत्याचे हे काम पूर्वविचाराकडून करून घ्यावे लागते.

उदाहरणादाखल दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावरील नव्या महाराष्ट्र सदनापासून मुंबईपर्यंतचा प्रवास घेऊ. जयपूर, उदयपूर, अहमदाबाद व सुरत यांवरून जाणारी ही वाट सुमारे १,४०० किलोमीटरांची आहे. रोज ८० किलोमीटर या हिशेबाने तीस अठरा दिवस लागतील. विश्रांतीचे दोन दिवस धरल्यास वीस. उन्हाळा, तसेच डिसेंबर-जानेवारीतील उत्तरेकडचे दाट धुके टाळून फेब्रुवारीत निघावे. द्रुतगती मार्गांवर सायकलीस सहसा मनाई असते. तेव्हा पर्यायी रस्ता आधीच पाहून ठेवावा.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची शक्ती मुख्यतः हवेशी झगडण्यात खर्च होते. वेग दुप्पट केला की हवेचा अवरोध चौपट होतो, आणि त्यावर मात करण्यास आठपट शक्ती लागते. जोडीने जाणारे आळीपाळीने एकमेकांचा आडोसा घेतात; एकट्यास तो लाभत नाही. म्हणून धाप न लागता बोलता येईल इतकाच वेग ठेवावा.

याहून महत्त्वाची गोष्ट उष्णतेची. स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोहोचतो. उरलेल्याची उष्णता होते व ती घामावाटे बाहेर पडते. घामाबरोबर पाणी व मीठ दोन्ही जातात, तेव्हा नुसते पाणी पिऊन भागत नाही. खारे शेंगदाणे, ताक किंवा लिंबूसरबत यांचीही जोड द्यावी. उष्माघातात मनुष्याचा विचार प्रथम गोंधळतो. सोबती असल्यास त्याच्या ते ध्यानी येते. एकट्यास स्वतःचा गोंधळ उमगतोच असे नाही. यास्तव नियम घरीच ठरवावा: पहाटे निघावे, भर दुपारी थांबावे, आणि मळमळ वा घेरी येताच, मुक्काम कितीही जवळ असो, सावलीत उतरून अंग ओले करावे व मदत मागावी.

सायकलीची बैठक अशी बसवावी की, खाली आलेल्या पायडलवर टाच ठेवली असता पाय सरळ व्हावा. ती बुटकी असल्यास गुडघे दुखतात. ओझे पाठीवर न घेता कॅरिअरच्या दोन्ही बाजूंस, समतोल व शक्य तितके खाली बांधावे. पंप, दोन ट्यूब, पंक्चरचे साहित्य, पाने आणि ब्रेकची रबरे जवळ असावीत. मात्र पंक्चर काढण्याचा सराव निघण्यापूर्वीच करावा. हेल्मेट व मागचा लाल दिवा अवश्य असावा, आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा.

शेवटी, रोजचा मार्ग घरी लिहून ठेवावा व ठराविक वेळी दूरध्वनी करावा. तो न आल्यास किती वेळ वाट पाहून कोणास कळवायचे, हेही घरच्यांशी ठरवून घ्यावे. एवढी तयारी झाली म्हणजे प्रवासी रस्त्यावर एकटा असला, तरी निराधार नसतो.