दोन बँड, एकच जुळणी

हॅम रेडिओ शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी हेच सांगतो: सेट कितीही महाग असो, त्याची ताकद अँटेनापर्यंत पोचली तरच उपयोग. सेट 50 ओहम इंपीडन्ससाठी बांधलेला असतो. अँटेनाचा इंपीडन्स वेगळा निघाला की ऊर्जेचा काही भाग केबलमधून माघारी येतो. ते टाळायला मध्ये कॉइल आणि कपॅसिटरची जुळणी बसवतात.

समजा, अँटेनाचे 200 ओहम आहेत आणि बोलायचंय 7.1 मेगाहर्ट्झवर. अँटेनाला समांतर 194 पिकोफॅरड आणि सेटकडच्या तारेत 1.94 मायक्रोहेन्री जोडा. सेटला बरोबर 50 ओहम दिसतील. आता हीच जुळणी 14.2 मेगाहर्ट्झवर वापरा. तिथेही अँटेना 200 ओहमच धरली, तरी 100 वॉटमधले जवळजवळ 83 माघारी! कारण वारंवारता दुप्पट झाली की कॉइलचा अडसर (रिअ‍ॅक्टन्स) दुप्पट होतो आणि कपॅसिटरचा निम्मा.

इथे बहुतेक जण बँडप्रमाणे जुळणी बदलणारा ट्यूनर घेतात. मला मात्र स्विचशिवाय दोन्ही बँड साधणारी जुळणी मनापासून आवडते. अमेरिकेतल्या रोनाल्ड फॉस्टर यांनी 1924 मध्ये दाखवलं, की बिनतोट्याच्या कॉइल-कपॅसिटर मंडलाचा रिअ‍ॅक्टन्स वारंवारतेबरोबर चढतच जातो. खाली यायचं तर अनुनादापाशी धनातून थेट ऋणात उडी पडते. आपण ती उडीच कामाला लावायची.

तारेतल्या कॉइलऐवजी 0.97 मायक्रोहेन्री आणि 259 पिकोफॅरड एकमेकांना समांतर जोडा. अँटेनाला समांतर असलेल्या कपॅसिटरऐवजी 2.59 मायक्रोहेन्री आणि 97 पिकोफॅरड एकापुढे एक लावा. 7.1 वर पहिली जोडी कॉइलसारखी वागते, दुसरी कपॅसिटरसारखी, 14.2 वर भूमिका उलटतात. दोन्हीकडे सेटला 50 ओहमच दिसतात. कागदावर हे आकडे जुळताना पाहिले की मला आजही आनंद होतो.

याची किंमतही आहे. दोन्ही जोड्यांचा अनुनाद 10.04 मेगाहर्ट्झवर येतो, म्हणून शेजारचा 10.1 चा बँड जवळपास बंदच होतो. तिसरा बँड हवा तर घटक वाढतात, आणि प्रत्येक खरी कॉइल थोडी ऊर्जा उष्णतेत घालवते.

म्हणून नव्या मंडळींना माझं सांगणं: आधी प्रत्येक बँडवर अँटेनाचा इंपीडन्स मोजा, मग कागदावर गणित करा, आणि कॉइल जाड तारेची गुंडाळा. मोजल्याशिवाय सोल्डरिंग गन हातात घेऊ नका.