ग्रंथपालाची विद्या

ग्रंथालय म्हटलें कीं कित्येकांच्या डोळ्यांपुढें कुलूपबंद कपाट व त्याची किल्ली सांभाळणारा मनुष्य एवढेंच चित्र येतें. परंतु ग्रंथपालाचें काम ही शिकून घेण्याची विद्या आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस कळावें, म्हणून हा अल्प लेख.

नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें येथें जन्मलेले श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनीं इ. स. १९०६ मध्यें बडोदें संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. परंतु शाळा सुटल्यावर हातीं पुस्तक पडलें नाहीं, तर शिकलेलीं अक्षरेंही पुसून जातात. म्हणून १९१० मध्यें महाराजांनीं अमेरिकेंतील ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांस पाचारण केलें. १९११ मध्यें तेथें ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग सुरू झाला, आणि लांकडी पेट्यांतून पुस्तकें खेडोपाडीं फिरूं लागलीं.

या विद्येंत शिकावयाचें तरी काय? समजा, सेलूच्या परिसरांतील एखादा शेतकरी कपाशीवरील किडीचें पुस्तक मागावयास आला. मेल्विल ड्यूई यांच्या दशांश पद्धतींत प्राणिशास्त्राचा अंक ५९० व शेतीचा ६३०. कीटकाची शरीररचना सांगणारा ग्रंथ पहिल्या ठिकाणीं जातो. पीक वाचविण्याचा उपाय सांगणारा दुसऱ्या ठिकाणीं. ग्रंथाचा हेतु पारखून त्याची जागा ठरविणें, यास वर्गीकरण म्हणतात. पुढें लेखक, नांव व विषय या तिन्ही वाटांनीं तो सांपडावा, अशी सूची करावी लागते. सूचींतील नोंद चुकली, तर ग्रंथ कपाटांत असूनही वाचकास नसल्यासारखाच! आणि अखेरीस, वाचकाला नेमकें काय हवें आहे, हें त्याच्या अर्धवट प्रश्नावरून ओळखणें, हें तर सर्वांत कठीण.

जर्मनींत गॉटिंगन विद्यापीठानें १८८६ मध्येंच या विषयाचें अध्यासन स्थापिलें. आपल्या देशांतील थोर ग्रंथपाल रंगनाथन् हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्यें मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर तेही लंडनला जाऊन ही विद्या शिकले.

महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्यें झाला. पदवीनंतर ग्रंथालयशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही आज उपलब्ध आहे. पालकहो, आपल्या मुलामुलींसाठीं या व्यवसायाचा अवश्य विचार करावा. आणि विद्यार्थीमित्रहो, ग्रंथालयांत गेल्यावर केवळ पुस्तक बदलून परतूं नका; मनांतील प्रश्न ग्रंथपालांस विचारा. शाळेंत मिळविलेलीं अक्षरें जन्मभर टिकविण्याचा तोच खात्रीचा मार्ग होय.