पिठ्या ढेकणाच्या पोटातली माशी

मैत्रिणींनो, आपल्या पुसेगाव भागात कापूस लावणाऱ्या ताईंना पिठ्या ढेकूण काय ते सांगायला नको. शेंड्यावर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे किडे, चिकट पानं, त्यावर काळी बुरशी आणि मुंग्यांची रांग. हा किडा मूळचा अमेरिकेतला. २००५ नंतरच्या काही हंगामांत त्यानं गुजरात, पंजाब आणि आपल्या महाराष्ट्रातही कापसाचं मोठं नुकसान केलं. अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे औषध त्याला नीट लागत नाही. मग फवारणीवर फवारणी, खर्चावर खर्च.

त्याच काळात काही ढेकूण वेगळेच दिसू लागले. पांढरे न राहता तपकिरी, कडक, फुगीर होऊन झाडाला चिकटून मेलेले. त्यातून तिळापेक्षाही लहान काळी माशी बाहेर पडत होती. अलिगढ मुस्लिम विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ मोहम्मद हयात यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. माहीत असलेल्या जातींशी तिच्या मिशा, पंख, डोकं ताडून पाहिलं आणि २००९ साली नवी जात म्हणून तिचं वर्णन छापलं. कीड व्यवस्थापनातले शास्त्रज्ञ डॉ. बंबावाले यांच्यावरून नाव ठेवलं एनासियस बंबावालेई. पुढं दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की हीच माशी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात फार पूर्वीच नोंदलेली आहे. नियम असा, की जुनं नाव धरायचं. म्हणून आता ती एनासियस अ‍ॅरिझोनेन्सिस. माशीला माहेरचं नाव परत मिळालं म्हणा ना!

तिचं काम समजून घ्यायला आपली कुंभारीण आठवा. ती भिंतीवर मातीचं घर करते आणि पिल्लांसाठी आत अळ्या कोंबून ठेवते. ही तिच्याच जातकुळीतली, पण मातीचं घर बांधत नाही. जिवंत ढेकणाच्या अंगात अंडं घालते. अळी ढेकणाला आतून खाते, ढेकूण कडक होतो आणि साधारण दोन आठवड्यांत नवी माशी गोल भोक पाडून बाहेर येते. बैठकीत ताई विचारतात, "ही चावते का?" नाही. माणसाला, जनावराला काही करत नाही.

पण विषारी फवारणीत ढेकणाआधी हीच मरते. तिच्या अंगावर कुठं मेण आहे? खुरपणीला, वेचणीला वाकून झाड बघतो आपण. फवारणी मात्र घरात दुसरंच कोणी ठरवतं, आणि औषधाला पैसे कधी कधी गटाच्या कर्जातले असतात. म्हणून औषध आणायच्या आधी शेंडा दाखवा. तपकिरी, भोक पडलेले ढेकूण बरेच दिसले, तर थांबा आणि कृषी सहायकाला किंवा तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा. थोडीच झाडं लागली असतील, तर तेवढेच पांढरे शेंडे तोडून नष्ट करा. बांधावरचं गाजरगवत काढा, त्यावरही हा ढेकूण राहतो.

खात्री करायची असेल तर भोक न पडलेले आठ-दहा तपकिरी ढेकूण पानासकट काचेच्या बाटलीत ठेवा. पांढरा एकही घेऊ नका. तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधा, बाटली सावलीत ठेवा आणि रोज बघा. माशा दिसल्या, की संध्याकाळी कापसात नेऊन फडकं सोडा.