मंद फेऱ्यांतील ओढ

क्रूझर जातीच्या मोटारसायकलीची खरी पारख तिच्या कमाल वेगावरून होत नाही. पाठीमागे सोबती बसलेला आहे, सामान लादलेले आहे आणि समोर घाट उभा आहे, अशा वेळी वरचा गिअर न सोडता, मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांवर, ती किती निश्चिंतपणे चढते यावरून होते. या ओढीला टॉर्क म्हणतात. टॉर्क म्हणजे इंजिनाचे फिरविण्याचे बळ, आणि त्या बळाला फेऱ्यांच्या गतीची जोड मिळाली की होते ती अश्वशक्ती. शंभर न्यूटन-मीटर टॉर्क २,५०० फेऱ्यांवर मिळाला तर सुमारे ३५ अश्वशक्ती निघते, ५,००० फेऱ्यांवर मिळाला तर ७०. जाहिरातीत दुसरा आकडा झळकतो. स्वाराचे आयुष्य मात्र पहिल्याच्या आसपास जाते.

हार्ले-डेव्हिडसनने १९९९ च्या मॉडेलांपासून आणलेले ट्विन कॅम ८८ हे १,४५० सीसीचे इंजिन या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. कारण त्याच्यावर कारागिरांनी जेवढे प्रयोग केले तेवढे फार थोड्या इंजिनांच्या वाट्याला आले असतील. मंद फेऱ्यांतील ओढ कशी वाढवावी या प्रश्नाने अशा इंजिनाचा मालक बहुधा प्रथम सायलेन्सरकडे वळतो, आणि तेथेच त्याची दिशा चुकण्याचा संभव असतो.

माझ्या मते या प्रश्नाचे मर्म कॅमशाफ्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हची उघडमीट करणाऱ्या दांड्यात, आहे. पिस्टन तळाशी पोचून पुन्हा वर येऊ लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो. फेऱ्या जलद असतील तर आत धावणाऱ्या हवेचा आवेग एवढा असतो की वर येणाऱ्या पिस्टनला न जुमानता ती सिलिंडरात शिरतच राहते. परंतु फेऱ्या मंद असल्या म्हणजे तो आवेग नसतो, आणि आत आलेल्या मिश्रणाचा काही अंश आल्या वाटेने परत ढकलला जातो. म्हणून जो कॅम हा व्हॉल्व्ह लवकर मिटवितो तो खालच्या फेऱ्यांत सिलिंडर भरलेला राखतो, आणि जो तो दीर्घकाळ उघडा ठेवतो तो शिखरावरची अश्वशक्ती वाढवून तळ पोकळ करतो. कॅम निवडताना व्हॉल्व्ह किती उचलला जातो याची चौकशी सगळेच करतात. तो केव्हा मिटतो हे आधी विचारावे. मात्र लवकर मिटणाऱ्या कॅमने प्रत्यक्ष दाब वाढतो, आणि हवेने थंड होणारे इंजिन शहराच्या गर्दीत तापले की मिश्रण आपोआप भडकून बसणाऱ्या ठोक्यांचे, म्हणजे नॉकिंगचे, भय उत्पन्न होते. तेव्हा अधिक कॉम्प्रेशनचे पिस्टनही त्याच वेळी बसविण्याचा मोह आवरावा.

दुसरा खात्रीचा मार्ग आकारमानाचा. बोअर सुमारे तीन मिलिमीटरने वाढविला की हेच इंजिन, क्रँककेस न उघडता, १,५५० सीसीचे होते आणि सर्वच फेऱ्यांवर त्याची ओढ वाढते. लांब स्ट्रोकनेच टॉर्क येतो हा समज मात्र अपुरा आहे. आकारमान तेच ठेवून स्ट्रोक लांबविला तर पिस्टन अरुंद होतो आणि एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जाते.

सायलेन्सरविषयी एवढेच, की आतील अडसर काढलेले मोकळे नळ आवाज करतात. पण त्यांतून परतणाऱ्या दाबाच्या लहरी मंद फेऱ्यांत सिलिंडर भरण्यात विघ्न आणतात, आणि दोन नळ एकात मिळणारी रचना या कामी बहुधा सरस ठरते. यांपैकी काहीही बदलले तरी इंधनाचे मॅपिंग नव्याने करून घेणे अपरिहार्य आहे, आणि ते करणाऱ्याकडून डायनोचा, म्हणजे शक्तिमापक यंत्राचा, आलेख मागून घेताना शिखराचा आकडा बाजूला ठेवून २,००० ते ३,५०० फेऱ्यांमधील रेषाच न्याहाळावी.

भारतातील मालकाने आणखी एक दस्तऐवज समोर ठेवला पाहिजे. इंजिनाची घनक्षमता नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असते, आणि त्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये मनाई आहे. त्यामुळे बोअर वाढविण्याचा जो मार्ग अमेरिकेतील कारागिराला सहज वाटतो, तो येथे पत्करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात रीतसर चौकशी करणे आवश्यक ठरते.