भूमीवाचून भाषा : सिंधीचा उच्च अभ्यास

कल्याणजवळची लष्करी छावणी १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांचा आश्रय झाली, व ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या वसाहतीपासून अंबरनाथच्या आनंदनगरपर्यंतच्या पट्ट्यात आजी सिंधीत विचारते आणि नातू हिंदीत वा मराठीत उत्तर देतो, असे अनेक घरांत चालते. तिकडे मुंबई विद्यापीठात मात्र सिंधीचा स्वतंत्र विभाग असून पदव्युत्तर अभ्यासाची व संशोधनाची सोय आहे. १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत या भाषेचा समावेश झाला. २०११ च्या शिरगणतीत सुमारे २७ लाख ७२ हजार लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदविली. मान आहे, पीठ आहे. घरातील वापर तेवढा ओसरत आहे. अशा भाषेच्या उच्च अभ्यासकाने नेमके काय करावयाचे?

प्रथम त्याच्या वाट्यास लिपीचा प्रश्न येतो. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. १८५३ साली सरकारने सिंधीसाठी अरबी वळणाची बावन्न अक्षरांची वर्णमाला ठरविली. पुढे मुंबई इलाख्यातील शिक्षणाधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांच्याकडे हिंदू व्यापाऱ्यांच्या खुदाबादी लिपीस व्यवस्थित रूप देण्याचे काम आले; कराचीतील एक शाळा अद्याप त्यांच्या नावाने चालते. ती लिपी मागे पडली. फाळणीनंतर भारतात देवनागरीचा पुरस्कार झाला, पण अरबी लिपीही सुटली नाही. आणि त्या वादात विद्वानांची पुष्कळ शक्ती खर्ची पडली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) यांच्या काव्याच्या जुन्या प्रती वाचू इच्छिणाऱ्यास दोन्ही लिप्या आल्याच पाहिजेत.

लिपीपेक्षाही ध्वनी नाजूक. सिंधीत ग, ज, ड, ब यांची अशी चार रूपे आहेत की, त्यांच्या उच्चारात हवा आत ओढल्यासारखी होते. देवनागरीत ती अक्षराखाली रेघ देऊन दाखवितात. साध्या ‘ब’ने ‘बारु’ म्हटले तर ओझे, आणि रेघेच्या ‘ब’ने म्हटले तर मूल! हा भेद पुस्तकातून शिकता येत नाही. तो कानाने शिकावा लागतो. सर्वनाम नामासच चिकटविण्याची खोडही मराठी माणसास नवलाची वाटेल : ‘त्याचा बाप’ हे दोन शब्द सिंधीत ‘पिणसि’ या एका शब्दात सामावतात.

येथे आयर्लंडचा दाखला उपयोगी पडतो. आयरिश भाषेतही ‘माझ्यापाशी’ हा अर्थ ‘अगम’ या एकाच शब्दाने होतो. पण साम्य व्याकरणापुरते नाही. डग्लस हाइड यांनी १८९३ साली तेथे भाषोद्धारासाठी गेलिक लीग स्थापिली. पुढे ते डब्लिनच्या विद्यापीठीय महाविद्यालयात अर्वाचीन आयरिशचे प्राध्यापक व १९३८ साली राष्ट्राध्यक्ष झाले. १९१३ पासून राष्ट्रीय विद्यापीठाच्या प्रवेशास आयरिश सक्तीची झाली. राज्याचे एवढे पाठबळ लाभूनही २०२२ च्या शिरगणतीत, शाळेबाहेर रोज आयरिश बोलतो असे सांगणारे बहात्तर हजारही भरले नाहीत. सक्तीने परीक्षा उत्तीर्ण होतात. स्वयंपाकघरात भाषा शिरत नाही.

आयर्लंडची दुसरी युक्ती अधिक शहाणपणाची होती. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांनी आईबापांकडून व आजीआजोबांकडून कहाण्या, म्हणी, औषधे, सण यांची माहिती वहीत उतरून आणली, आणि आज तो संग्रह संशोधकांचे भांडवल आहे. सिंधीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास असे क्षेत्र उल्हासनगरातच उपलब्ध आहे. लाडी, विचोली, थरेली या बोली बोलणारी कुटुंबे या वसाहतीत शेजारी शेजारी राहिली. कोणत्या बोलीने कोणाचा कोणता शब्द घेतला, हे पाहण्याजोगे आहे. नातवंडांस अरबी लिपी येत नसली तरी मराठी शाळेने देवनागरी शिकविलीच आहे. चार रेघा शिकल्या की आजीचे बोलणे उतरून घेता येते. मात्र ज्यांना सिंध आठवते त्यांचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे. ग्रंथालयातील रिसालो पुढल्या वर्षीही जागेवर सापडेल. आजीकडे आजच जावयास हवे.