वर राख, आत विस्तव! हुरड्याची आगटी विझवूनच उठा

पौष लागला, की ज्वारीच्या पट्ट्यात हुरड्याची लगबग सुरू होते. सोलापूर, बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडच्या वस्त्यांवर पाहुण्यारावळ्यांना सांगावे जातात. बांधाच्या कडेला खड्डा घेऊन आगटी पेटते. सुरती, गूळभेंडीची कणसे आरात खुपसायची, भाजली की हातावर चोळायची आणि गरम दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. अलीकडे शहरातली मंडळीही पैसे मोजून हुरडा खायला येतात. पण आगटी पेटवायला जेवढी माणसे पुढे होतात, तेवढी विझवायला होत नाहीत. नडते ते इथेच.

काही वर्षांमागे आमच्या शेजारच्या वस्तीवर असेच झाले. सकाळी हुरडा झाला. उठताना कुणीतरी दोन पाट्या माती आगटीवर लोटली. "मातीनं बुजवली की झालं, काय होतंय?" म्हणून सगळे पांगले. दुपारी वारा सुटला. माती उकरून कुत्री बसली होती की कुणाचा पाय पडला, कोण जाणे. पण ठिणगी बांधावरच्या वाळल्या गवतात गेली आणि गवतावरून थेट कडब्याच्या गंजीत. माणसे धावली, मोटार चालू करायला गेले तर लाईट नव्हती. घटकाभरात गंजीची राख झाली. नवा कडबा निघायला अजून दोन महिने होते. दावणीच्या बैलांना घालायचे काय? शेवटी त्यातली एक जोडी पडत्या भावात बाजार दाखवावी लागली.

मातीने आग मरत नाही

आपल्या आया-आज्यांना हे चांगले ठाऊक होते. रात्री चुलीतला विस्तव त्या राखेखाली पुरून ठेवायच्या आणि पहाटे फुंकर घालून त्यावरच चूल पेटवायच्या. काडी ओढायची गरज पडत नसे. म्हणजे पुरणे ही विस्तव जपायची रीत झाली, विझवायची नव्हे. गोवरीचा निखारा तर फारच चिवट. वर पांढरी राख दिसते, आत तो तासन्तास धुमसत राहतो.

जागा बघून खड्डा घ्या

गंजी, गोठा, छप्पर आणि वाळलेले पीक यांच्यापासून आगटी निदान पन्नास फूट लांब हवी. वाऱ्याची दिशा बघा. ठिणगी गंजीकडे जाईल अशा बाजूला ती पेटवूच नका. झाडाखाली, विजेच्या तारांखाली, ठिबकच्या नळ्यांजवळ नको. खड्डा दीड-दोन फूट रुंद आणि फूटभर खोल पुरतो. चहूबाजूंनी पाच-सहा फुटांतले गवत, पाचट, पालापाचोळा खरवडून काळी माती उघडी करा. ओढ्यातले ओले दगड कडेला लावू नका, तापले की ते फुटून उडतात. आणि काडी ओढण्याआधी दोन घागरी पाणी व एक फावडे जवळ आणून ठेवा. आग लागल्यावर विहिरीकडे पळण्यात अर्थ नाही.

मोठा जाळ कशाला?

कणसे जाळावर करपतात, भाजतात ती आरावर. पेटवायला मूठभर तुराट्या घ्या, पुढे गोवऱ्याच बऱ्या. पेटत नाही म्हणून रॉकेल, पेट्रोल ओतू नका; भडका बाटलीपर्यंत येतो. टायर, प्लॅस्टिक आणि फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे तर आगटीतच काय, शेकोटीतही टाकू नयेत. धूर विषारी असतो. शाल, पदर, धोतराचा सोगा आवरून बसा; नायलॉनचे कापड पेटले तर अंगालाच चिकटते. लेकरे हातभर लांब बसवा, आणि आगटीपाशी एक जाणते माणूस कायम राहू द्या.

कोपीत शेकोटी नको

जिथे अजून रात्रीच्या विजेवर दारे धरावी लागतात, तिथे बांधावर शेकोटी पेटतेच. ऊसतोडीच्या फडावर पहाटेही पेटते. त्यांनाही हेच नियम. फक्त थंडी वाजते म्हणून घमेल्यात निखारे भरून कोपीत किंवा बंद खोलीत घेऊन झोपू नका. पाचटाची कोपी ठिणगीने पेटते, ही एक भीती. दुसरी डोळ्यांना दिसत नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

विझवायची रीत

शेवटची कणसे निघाली, की नवी गोवरी टाकू नका. निखारे काठीने पसरा. पाणी थोडे थोडे शिंपडा. घागर एकदम उपडी केली तर वाफ आणि तापली राख अंगावर येते. मग फावड्याने खालवर करा, पुन्हा पाणी घाला. चर्र आवाज थांबेपर्यंत हे करायचे. शेवटी तळहाताची पालथी बाजू राखेवर धरा. ऊब लागली तर आगटी जिवंत आहे असे समजा. गार लागली, तरच माती लोटा.

घात झालाच तर

आधी जनावरांची दावी सोडा, हाळी देऊन माणसे गोळा करा आणि ११२ किंवा १०१ ला फोन लावा. कपडे पेटले तर पळू नका. जमिनीवर लोळा, किंवा दुसऱ्याने घोंगडे टाकून जाळ दाबावा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे पाणी सोडत राहा. शाई, टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नका. भाजणे मोठे असेल तर १०८ ची गाडी बोलवा.

शेजारच्या त्या वस्तीवर आजही हुरडा होतो. पण आता घरची म्हातारी आगटीपाशी पाण्याची घागर आणून ठेवते आणि पाहुण्यांना बजावते, "खावा पोटभर, पण उठताना घागर रिकामी करून जावा." प्रत्येक बांधावर एवढे झाले, तरी पुष्कळ गंज्या वाचतील.