शिवराई सापडली, पण कुणाची?

गणपतीआधी घर आवरताना माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात तांब्याचा एक काळा, ओबडधोबड पैसा हाती लागतो. चिंचेने घासला की एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. संध्याकाळपर्यंत आळीत बातमी : राज्याभिषेकाचं नाणं, १६७४चं, लाखाच्या खाली द्यायचं नाही! चौल-नागावकडची माणसं अशी नाणी मला दाखवतात, तेव्हा त्यांचा चेहरा पाहून खरं सांगायला जीभ रेटत नाही.

खरं असं की शिवराईवर सहसा साल नसतं आणि टाकसाळीचं नावही नसतं. राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर ही नाणी सुरू झाली, हे बरोबर. पण महाराजांनंतरच्या छत्रपतींनी आणि पुढे पेशवाईनेही तोच मजकूर ठेवला. लोकांचा विश्वास त्या नावावर होता, मग ते बदलायचं कशाला? इंग्रजी अमल आल्यावरही शिवराई बाजारात चालतच होती. म्हणजे दीडशे वर्षांचा माल एकाच नावाखाली. मजकुरात दोन आडव्या रेघा असतील तर ती ‘दुदांडी’, उत्तरकाळातली. घराघरांत निघते ती बहुधा हीच. अक्षरांचं वळण आणि वजन पाहून जाणकार काळाचा अंदाज बांधतात, पण नेमकं वर्ष कुणी छातीठोकपणे सांगू लागला तर दोन पावलं मागे सरा.

‘पहिलं’ म्हणजेच सर्वांत मोलाचं, हा हट्ट आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत बेसबॉलपटूंची छापील कार्डं जमवणारे खेळाडूच्या पहिल्या वर्षाच्या कार्डासाठी जीव टाकतात. पण २०२२मध्ये १.२६ कोटी डॉलरना गेलेलं मिकी मँटलचं कार्ड १९५२चं होतं. त्याचं पहिलं कार्ड १९५१चं मानतात.

अक्षरं अर्धवट तुटली म्हणून कुणी नाणं फेकू नये. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर क्वचितच बसतो. उलट सगळी अक्षरं ठसठशीत, गोलाई बांगडीसारखी आणि कडेला सांधा दिसत असेल तर शंका घ्या. जुनं नाणं हातोड्याने ठोकलेलं असतं. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक छिद्रं राहतात.

महाराजांच्या सोन्याच्या नाण्याबद्दल, होनाबद्दल, थोडक्यात : असे अस्सल होन इतके मोजके आहेत की जत्रेत किंवा ओळखीच्या ओळखीने तो ‘स्वस्तात’ मिळत नाही.

आता ती चिंच. लखलखीत केलं की भाव वाढतो, ही समजूत सर्वांत महागात पडते. तो काळपट थर तांब्यावर शतकांत बसलेला असतो. तो गेला की अक्षरांची धारही झिजते आणि संग्राहक नाणं बाजूला सारतो. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवा, मऊ कापडाने टिपा, बस्स.

शिवाय आपल्या किनाऱ्यावरचा प्रत्येक काळा पैसा शिवराईच असेल असंही नाही. रेवदंड्यात १७४०पर्यंत पोर्तुगीज होते, मुरूडला सिद्दी, अलिबागेत आंग्रे. बंदरांवर कुणाकुणाची नाणी चालली असतील! नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. असं नाणं तिथल्या संग्रहाशी ताडून पाहावं, मगच नाव ठेवावं.

आणि वाडीत माड लावताना खड्ड्यातून नाणी निघाली तर ‘माझी जमीन, माझं धन’ चालत नाही. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये! आकडा इतका जुना की आज त्यातून काहीच सुटत नाही. बरं, ते कार्यालय अलिबागेतच आहे. माळ्यावरचं नाणं परदेशातल्या भाच्याला पाठवायचा बेत असेल तर तोही सोडा. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्याला फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचे, न घासता.